अकोल्याची बरड

देवीदास अकोल्याहून आला तो हातपाय धुवायच्या आधीच ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "माय, घेतली."

मैनाबाई सुपात तूर पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. "काय घेतली? म्हैस का दुसरी बायको?"

आत कौशल्येच्या हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवलं गेलं.

"जमीन, माय. अकोल्याले आगगाडीचं ठेसन होऊन राहिलं न, त्याच्या अंगाले अंग लावून. चार बिघे. तथी कापसाचं गोदाम बांधतो. पुरा वऱ्हाड कापूस घेऊन तथी येईन आन् उतरवाले जागा पुसन. जागा कोनाची? आपली."

"इसार देल्ला?"

"दीडशे."

सूप थांबलं.

दीडशे रुपये कलदार म्हणजे चांगल्या दोन बैलजोड्या. आणि यंदाच्या कापसाचे हाती आलेले ते पैसे त्यानं न विचारता दिले होते. तीन वर्षांपूर्वी असा प्रश्नच आला नसता, कारण तीन वर्षांपूर्वी घरात दीडशे रुपये एका जागी कधी बसलेच नव्हते. मग दूर समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्या इकडचा कापूस मागू लागल्या. अमरावतीच्या बाजारात दर आठवड्याला भाव चढे. ज्यांच्या घरी पितळेची परात नव्हती त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. पिंपळखुट्याच्या मैनाबाईनं तसलं काही केलं नाही. तिनं तीन सुग्यांचे साडेदहाशे रुपये मडक्यात घातले आणि मडकं कुठं पुरलं ते लेकालाही सांगितलं नाही. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं ती वावर पाहत होती. पैसा आणि वळू, दोन्ही मोकळे सोडले की दुसऱ्याच्या शेतात जातात, असं तिचं म्हणणं.

"कोनाची जमीन?"

"खुशालरावाची. कौशल्येच्या काकाची. घरचाच मानूस हाये." देवीदासनं आवाज खाली आणला, गोड बातमी सांगताना आणतात तसा. "आन् माय, जमीन कशी म्हनतीस? काळी. तेलावानी. दोन पुरुस खोल. सारेच म्हनतात, अशी भारी जमीन अकोल्याच्या शिवेत दुसरी नाई. म्हून आठशे. बाकी साडेसहाशे अखजीले द्याचे."

अखजी म्हणजे अक्षय तृतीया. तिला सहा दिवस होते.

खरं सांगायचं तर 'दोन पुरुस खोल काळी', म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी मावतील एवढी, हे ऐकून मैनाबाईच्याही तोंडाला पाणी सुटलं. कुणब्याच्या घरची बाई ती. सोन्याचा तोडा पाहून हलली नसती, पण काळ्या मातीचं नाव निघालं की तिची मान आपोआप डोलायची. तिनं ती आवरली.

"रेंगी जुंप उद्या," ती म्हणाली. "दीडशे तुह्ये गेले. साडेसहाशे माह्ये जायच्या आधी मले पाहू दे."

पिंपळखुट्याहून अमरावतीवरून अकोला म्हणजे रेंगीसारख्या हलक्या छकड्याला तीन दिवस. चैत्र सरतानाचं ऊन, मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे दोन मुक्काम. वाटभर देवीदास गोदामाचं सांगत होता, आणि मैनाबाई विचारत होती.

"लढाई थांबली तं?"

"कोनती?"

"ज्या लढाईवर तू घर बांधून राहिला ती. कोनाकोनाची हाये?"

"एकाच देशातले दोन हिस्से लढून राहिले म्हनतात. भावाभावांचं."

"मंग थांबन," मैनाबाई म्हणाली. "भाऊबंदकी हाये. वाटनी झाली नाईतं एक जन खपला, का लोक जेवाले बसतात. त्यादिशी कापूस पडला, तं तुह्या गोदामात काय ठेवशीन? उंदरं?"

उत्तर कौशल्येनं दिलं. ती मागं बसली होती, पदर नाकावर धरून. "ज्वारी, आत्याबाई. तूर, अळशी. ठेसन तं राहीनच न. मानूस कापूस पेरो का काही पेरो, ठेवाले छप्पर लागतेच."

मैनाबाईनं हे मनात तोलून पाहिलं. कापूस जुन्या भावावर आला असं धरायचं, गोदाम अर्धंच भरलं असं धरायचं, भाडं धान्याचं धरायचं. तरीही पाच-सहा वर्षांत पैसा वसूल होत होता. पण बांधकाम चारशेच्या वर जायला नको. जमिनीचे उरलेले साडेसहाशे, बांधकाम चारशे. मडकं रिकामं. एक भिंत पडली तर दुसरी बांधायला काही उरत नव्हतं.

"बरोबर बोलली," ती म्हणाली, पण बैलांकडे पाहून.

खुशालराव भला माणूस होता. मोठं पागोटं, मोठा आवाज, मोठा वाडगा. पाहुण्याला आमरस वाढताना हात आखडत नसे. त्यानं व्याहिणीला ओट्यावर घोंगडी अंथरून दिली आणि आगगाडीचं वर्णन सुरू केलं. मागच्या साली भुसावळपर्यंत जाऊन तो स्वतः पाहून आला होता.

"काय सांगू विहीनबाई, इंजिन म्हंजे काळा हत्ती. पोटात भट्टी. वर नळकांडं. त्याच्यातून ठिनग्या अशा उडतात, जशी दिवाई. वारा असला तं पाक शंभर हातावर जाऊन पडतात. मी सोता पाह्यलं. एका मानसाचं उपरनं जळलं."

"शंभर हात," मैनाबाई म्हणाली.

"वरतीच. कमी नाई."

"आन् आपली जमीन लाइनीपासून किती?"

"लागूनच," खुशालराव अभिमानानं म्हणाला. "आगगाडीच्या साहेबाचे मोजनीचे खुंट माह्या बांधाले टेकले."

मैनाबाईनं रसाची वाटी खाली ठेवली. कापसाच्या घराशेजारी कोणी चूल मांडतं काय, हा प्रश्न तिच्या ओठावर आला होता. पण व्याह्याच्या ओट्यावर, त्याचाच रस पिताना, पहिल्या घडीला एवढं बोलायचं नसतं. तिनं फक्त विचारलं, वैशाखात वारा कुणीकडून असतो. लाइनीकडून, खुशालराव म्हणाला. वावर कसं गार वाटते.

सकाळी ती वावरात गेली. कापसाच्या पराट्या उपटून झाल्या होत्या, जमीन उघडी पडली होती. तिनं वाकून ढेकूळ उचललं, अंगठ्यानं फोडलं, आणि क्षणभर ती सगळं विसरली. काय ती माती. लोण्यावानी चिकण, एकही खडा नाही. अशा जमिनीत वखर घातला तर स्वतःच चालेल. तिनं मनातल्या मनात तिथं कापूस पेरला, मध्ये तुरीचं तास धरलं, दिवाळीत वेचणीला बायका लावल्या. देवीदास तिचं तोंड पाहत होता.

"घे," ती म्हणणार होती. शब्द जिभेवर होता.

एक पाऊल पुढं टाकलं आणि हातातली काठी मुठीपर्यंत जमिनीत गेली.

वैशाखातली काळी फाटते, हे काय तिला नवीन होतं? जन्म त्या भेगांत गेला. काठी काढली, दुसऱ्या भेगेत घातली. तीही गेली. मग तिनं देवीदासला विहिरीवरून दोर आणायला लावला, टोकाला दगड बांधला आणि भेगेत सोडला. साडेतीन हात दोर गेला आणि दगड अडकला. तळ लागला असं काही म्हणवेना.

"हे तं सगळ्याच काळीत असते," देवीदास म्हणाला.

"व्हय. आन् आखाडात पानी पडलं का ही फुगते. फाटते आन् फुगते, फाटते आन् फुगते. पिकाले बरंच हाये. आपन काय पेरून राहिलो रे अथी?"

"पेराचं नाई. गोदाम..." म्हणता म्हणता त्याचा आवाज मंदावला.

विहिरीजवळ एक खोली होती, राखणदाराची. मैनाबाई तिच्याकडे चालत गेली. आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत भिंत उभी चिरली होती; फटीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. बाहेरून दोन लाकडी टेकू लावले होते. दार चौकटीत बसत नव्हतं म्हणून काढून बाजूला ठेवलं होतं.

"किती वर्साची हाये ही?" तिनं नंतर खुशालरावाला विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, "झाले असतीन आठ."

पिंपळखुट्याच्या तिच्या घराच्या भिंतीला साठ वर्षं झाली होती, आणि तीवर केसाएवढी चीर नव्हती. कारण ते घर पांढरीवर होतं. गाव पांढरीवर, वावर काळीवर. आजेसासऱ्याच्या आज्यालाही हे ठाऊक होतं. काळीवर कोणी घर बांधत नाही, हे इतकं साधं होतं की कोणाला कोणी सांगावंच लागलं नाही. आणि सांगावं लागलं नाही म्हणूनच देवीदास विसरला. 'भारी' म्हटलं की त्याची छाती फुगली, 'हलकी' म्हटलं असतं तर त्यानं पाहिलीही नसती. गोदामाची जागा त्यानं कापसाच्या नजरेनं पारखली. आणि मैनाबाई? अठरा वर्षं घर हाकणारी मैनाबाई? काठी बुडाली नसती तर तिनंही 'घे' म्हटलं असतं. या गोष्टीचा तिला लेकापेक्षा स्वतःचा जास्त राग आला.

"पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागन," ती म्हणाली. "दोन पुरुस खोल म्हनतो न तू? दोन पुरुस माती काढाची, दोन पुरुस दगड भराचा, चारी बाजूले. गोदामाले चारशे आन् गोदामाच्या पायाले सातशे. आन् खुंट पाह्यले? उद्या साहेबानं आनखी पन्नास हात मागितले, तं कोनाचे जातीन?"

देवीदास खाली बसला. बांधावर, उन्हात. "इसार बुडला म्हन न मंग सरळ," तो म्हणाला. "आन् कौशल्येच्या काकाले काय तोंड दाखवू? चार मानसांत शब्द देल्ला मी."

एवढंच खरं होतं. दीडशे रुपये, आणि त्याहून वाईट, सोयरीक. सौदा मोडला तर खुशालराव इसार ठेवून घेणार, आणि ठेवून घेतला की दिवाळीला कौशल्येला माहेरचं बोलावणं येणार नाही. सौदा पाळला तर तीन सुग्यांची कमाई चिरत चिरत जमिनीत जाणार.

मैनाबाईनं डोळ्यांवर हात धरून चौफेर पाहिलं. नाल्यापलीकडे एक उंचवटा होता, पांढुरका, रखरखीत. दोन-चार बोरी आणि बाभळी. "ते कोनाचं?"

"तेही खुशालरावाचंच. बरड हाये. तथी काही होत नाई."

"चाल."

ती पावलं मोजत गेली. ठेसनाच्या खुंटापासून पाचशे चाळीस. म्हणजे गाडीवानाला एक चिलीम जास्त.

बरडीवर तिनं देवीदासच्या हातात कुदळ दिली. तो अमरावतीहून घेतलेल्या नव्या पागोट्यानिशी खणू लागला.

"पागोटं काढ," ती म्हणाली. "जमीन पागोट्याले रामराम नाई करत."

पहिल्या हातभर खडकाळ माती. मग कुदळ खणकन वाजली आणि मनगटात झिणझिण्या आल्या. पक्का मुरूम. दुसऱ्या कोपऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. भेग एकही नव्हती. चौथ्या कोपऱ्यात खणायला देवीदासला सांगावं लागलं नाही.

नाल्याच्या काठानं एक बाई शेणी वेचत होती. मैनाबाईनं तिला हाक मारली. तानुबाई तिचं नाव. जन्म इथलाच, लग्नही इथंच.

"काय वो बाई, पुराचं पानी कुठवरोक येते अथी?"

"मले काय इचारता? त्या बाभळीले इचारा न," तानुबाई म्हणाली आणि काडीनं दाखवलं. नाल्याकडच्या बाभळीच्या फांद्यांत वाळलं गवत, चिंध्या, पळसाची पानं अडकून बसली होती, कमरेइतक्या उंचीवर. "दोन सालामागचं हाये ते. त्याच्या वरतं मी पाह्यलं नाई, माह्या सासूनंही नाई."

बाभळीपासून बरड आणखी दोन पुरुष उंच.

"आन् त्या काळीत? पावसायात गाडी जाते?"

तानुबाई हसली. "गाडी जाते. परत येत नाई."

खोट एकच होती. बरडीवर पाणी नव्हतं. कापसाच्या गोदामाला आग लागली तर विझवायचं कशानं? या मुरमात विहीर खणायची तर तीनशे रुपये आणि नशीब, दोन्ही लागणार. मैनाबाई परत येताना खुशालरावाच्या विहिरीपाशी थांबली, आत डोकावली. भर उन्हाळ्यात तीन पुरुष पाणी होतं. बरं.

वाटेत देवीदास म्हणाला, "लोक हासतीन, माय. अकोल्यात जाऊन मैनाबाईच्या लेकानं बरड घेतली म्हनतीन. बरड कोनी इकत घेते काय?"

"नाई घेत. म्हूनच सस्ती हाये. आन् हासू दे. हासनारे भाडं थोडीच देतात?"

दुपारी जेवणं झाली. खुशालराव लोडाला टेकला. "मंग विहीनबाई, परवा अखजी. पटवाऱ्याले सांगून ठेवू न?"

"सांगा," मैनाबाई उंबऱ्यापाशी बसून सुपारी कातरत म्हणाली. "पन याहीबुवा, एक इचारू? ही काळी घेतली कोनी?"

"माह्या आज्यानं."

"मागच्या सुगीले कापूस किती निंगाला?"

खुशालरावानं आकडा सांगितला. तो दीडपट असणार हे मैनाबाईनं धरूनच घेतलं. माणूस आपलं पीक सोयऱ्याला दीडपट सांगतो आणि सरकारला अर्धं. तरीही तो आकडा मोठा होता.

"म्हंजे आमी जे आठशे देऊन राहिलो, ते ही जमीन तुमाले या भावात चार सुग्यांत घरबसल्या देते. आन् चार सुग्यांनंतरही ती तुमचीच. अशी जमीन तुमी दगडाखाली गाडाले देऊन राहिले?"

खुशालरावाची टेकलेली पाठ थोडी सरळ झाली.

"मी सोयरी म्हून बोलते. तुमच्या आज्यानं तथी घर नाई बांधलं. खोली बांधली तं आठ वर्सांत फाटली. आमचं गोदाम तथी उभं राहनार नाई, आन् तुमचा कापूस तथून जाईन. दोघंही डुबलो. आमचं तं जाऊ द्या, तुमचं पाहा."

तिनं हे असं उघड बोलायचं ठरवलं नव्हतं. पण सोयऱ्याला गाफील ठेवून घेतलेली जमीन पचत नाही, असं तिला वाटलं. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगूनच जर काम होत असेल तर खोट्याची मेहनत कशाला?

खुशालरावानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "भिंतीचं मले ठाऊक होतं, विहीनबाई. तुमच्या पोरानं इचारलंच नाई. त्यानं माती हातात घेतली आन् भाव पुसला."

देवीदासनं पागोटं काढून मांडीवर घेतलं.

"पन मी इसार घेतला," खुशालराव म्हणाला. "शब्द हाये."

"शब्द मोडत नाई आमी. जरासा वाकवू. इसार तुमच्यापाशीच राहू द्या, आन् त्यात मले ती नाल्यापलीकडची बरड द्या."

खुशालराव हसला, हसता हसता त्याचे डोळे बारीक झाले. माणूस भला होता, भोळा नव्हता. "बरड? पाच बिघे भरते ती. ठेसनाच्या जवळ हाये. वरतं शंभर द्या."

"शंभर?" मैनाबाईनं अडकित्ता मिटला. "कौशल्या, रेंगी जुंपाले सांग."

कौशल्या दाराआड होती. ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, "काका, बाबा होते तवा तुमीच म्हनत होते न, ही बरड कोनी फुकट नेली तं वरतं एक गोऱ्हा देतो म्हून?"

खुशालरावाला हसू फुटलं ते आवरेना. मैनाबाईनं सुनेकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिलाही हसू आलं असतं, आणि सौद्यात जो आधी हसतो त्याचे दहा रुपये जास्त जातात.

शेवटी वर चाळीस ठरले. गोऱ्हा मैनाबाईनं मागितला नाही. त्याऐवजी विहिरीचं पाणी मागितलं, बारमाही, आणि ठेसनापासून बरडीपर्यंत गाडीची वाट, आठ हात रुंद. दोन्ही कागदावर. आणि खुशालरावाच्या धाकट्या भावाची, भगवंतची निशाणीही त्याच कागदावर पाहिजे, हे ती म्हणाली तेव्हा खुशालराव म्हणाला, "तो माह्या शब्दाबाहेर नाई."

"तुमच्या नाई," मैनाबाई म्हणाली. "त्याच्या पोरायच्या शब्दाबाहेर असन. त्यायची अजून लग्नं व्हाची हायेत."

अखजीच्या सकाळी चावडी भरलेली होती. सणाचा दिवस, कामं बंद, म्हणून सौदा पाहायला रिकामी माणसं भरपूर. भगवंतनं कागदाच्या कोपऱ्यात नांगर काढला, कुणब्याची सही. मैनाबाई बाहेर पायरीवर बसली होती, कान आत. रामराव पटवारी बोरू चालवत विचारत होता.

"घेणार?"

"देवीदास."

"जमिनीची जात?"

सगळ्या चावडीला ठाऊक होतं, आणि सगळी चावडी ऐकायला थांबली होती. मैनाबाईनं मान वळवली नाही. हे त्यानंच बोलायचं होतं. ती बोलली असती तर जमीन मिळाली असती, पण लेक घरी येताना मागं राहिला असता.

"बरड," देवीदास म्हणाला.

कोणीतरी फिसकन हसलं. कोणी म्हणालं, आगगाडीत बसवून नेतो काय रे मुरूम?

"बरड," तो पुन्हा म्हणाला, या वेळी चावडीबाहेर ऐकू जाईल असं. "हातभर खाली पक्का मुरूम. तेही लिवा."

"तसं लिहायचा रिवाज नाही," रामराव म्हणाला.

"मंग पानी लिवा. आन् वाट लिवा. दहा हात रुंद."

खुशालरावानं चमकून दाराबाहेर पाहिलं. वाट आठ हात ठरली होती. त्याच्या ओट्यावर, त्याच्या देखत. मैनाबाई समोरच्या लिंबावरचे कावळे पाहत बसली होती. लेकाच्या सौद्यात मध्ये बोलायची तिला सवय नव्हती.

"दोन भरल्या गाड्या आमनेसामने आल्या तं आठ हातात अडकतीन, काका," देवीदास आत सांगत होता. "आन् अडकतीन त्या तुमच्या कापसाच्या."

खुशालरावानं उसासा टाकला. "नऊ," तो म्हणाला.

"लिवा नऊ," देवीदास पटवाऱ्याला म्हणाला.